गावात फॅमिली डॉक्टर व्हायचंय? आधी बाजाराच्या दिवशी येऊन बसा

दरवर्षी नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतर स्पेशालायझेशनसाठी द्यायच्या परीक्षेचा, निकाल लागला की पंधरा दिवसांत मला दोन-तीन तरी फोन येतात, कुणाच्या मावसबहिणीचा मुलगा, कुणाची नणंद, कॉलेजातला एखादा ज्युनियर, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, मॅडम, गावाकडं दवाखाना टाकला तर चालेल का. मी अर्धा तास बोलते, फोन ठेवते आणि मग आठवतं की अरे, महत्त्वाचं तर सांगायचंच राहिलं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी पंचवटीत वाढलेली, पक्की नाशिकची, आणि गेली १४ वर्षं निफाड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात प्रॅक्टिस करते. गावाचं नाव सांगत नाही, कारण खाली ज्यांचे किस्से येणार आहेत ते उद्या सकाळी दारात उभे राहतील.

आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवा

"पीजी लागली नाही म्हणून" हे कारण वाईट नाहीये बरं का, माझंही तेच होतं, लाजायचं काय त्यात. पण त्या कारणावर वर्ष-दीड वर्ष निघतं, त्याच्या पुढं नाही.

कॉलेजात आपण पेशंट अर्धाच बघतो. सिव्हिलला असू दे नाहीतर आडगावच्या मेडिकल कॉलेजला, पेशंट येतो, आपण हिस्ट्री घेतो, आयव्ही लावतो, डिस्चार्ज कार्ड लिहितो आणि तो एसटीत बसून गेला की विषय संपला. त्याचं पुढं काय झालं हे आपल्याला कधीच कळत नाही आणि खरं सांगायचं तर आपण विचारतही नाही. गावात नेमकं उलटं होतं. ज्या आजींना मी सकाळी गोळी बदलून दिली त्या संध्याकाळी देवळात जाताना माझ्या दारावरून जातात, नीट चालतायत का, पाय सुजलेत का, मला बसल्या जागेवरून दिसतं. चुकलेलं औषधही दिसतं. काही लोकांना यातच मजा येते आणि काहींना याचंच टेन्शन येतं, रात्री झोप लागत नाही, आणि आपण कुठल्या गटातले हे पुस्तकं वाचून कळत नाही.

एक सोपी टेस्ट सांगते, इंटर्नशिपमध्येच करा. कॅज्युअल्टीत बघितलेल्या दहा पेशंटची नावं नि फोन नंबर लिहून ठेवा, विचारून घ्या अर्थात, आणि पंधरा दिवसांनी फोन करा की काका, कसं आहे आता. तिसऱ्या फोनला कंटाळा आला तर दुसरी ब्रांच बघा. दहाव्यालाही उत्सुकता राहिली तर पुढचं वाचा.

कुणाच्या तरी ओपीडीत बसा, पण दिवस बघून

कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे असतात ना इंटर्नशिपला, ते सही मारून नीटच्या अभ्यासात घालवायची पद्धत आहे, मीही तेच केलं आणि नंतर पस्तावले. नवीन बॅचना तर एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून गावातली कुटुंबं दत्तक घ्यायची असतात, तिथले फोटो काढून लॉगबुक भरू नका, त्या घरी खरंच जाऊन बसा, चहा प्या, घरात औषधाचा डबा कुठं ठेवलाय आणि त्यात किती जणांच्या उरलेल्या गोळ्या एकत्र आहेत ते बघा.

याशिवाय एखाद्या जुन्या फॅमिली डॉक्टरकडं सलग दोन-तीन आठवडे बसा. कुणी नाही म्हणत नाही, उलट त्यांना बरं वाटतं. दिवस मात्र दोन हवेतच, एक आठवडी बाजाराचा आणि एक मधलाच कुठला तरी. बाजाराच्या दिवशी मळ्यातली, वस्तीवरची माणसं येतात, त्यांना चारची गाडी पकडायची असते, बीपीची गोळीही घ्यायची असते आणि भाजीची पिशवीही दवाखान्यातच ठेवून जायची असते. त्या दिवशी डॉक्टर एका पेशंटला किती मिनिटं देतो ते घड्याळ लावून बघा. मधल्या दिवशी ओपीडी रिकामी असते आणि तेव्हा जो माणूस येऊन उगाच "जरा बीपी बघा" म्हणतो त्याचं खरं दुखणं बऱ्याचदा वेगळंच असतं, कर्ज, मुलाचं जमत नाहीये, सून माहेरी गेलीये.

भाषा तिथंच शिकायला मिळते. "अंगावरून पांढरं जातंय" हे बाई पहिल्या भेटीत सांगत नाही, आधी कंबर दुखते म्हणते. "हातापायातलं बळ गेलं" म्हणणाऱ्याचं हिमोग्लोबिनही बघायचं, शुगरही बघायची आणि झोप लागते का तेही विचारायचं. "ताप पोटात आहे" म्हणजे थर्मामीटर नॉर्मल दाखवणार पण माणूस ऐकणार नाही. आणि "पित्त झालंय" या शब्दापासून जपून राहा, त्याच्यामागं अर्ध्या वेळा खरंच पित्त असतं आणि एखाद्या वेळी हार्ट अटॅक असतो.

गाव निवडताना

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि त्यातली प्रॅक्टिस एकसारखी अजिबात नाही, हे बाहेरून येणाऱ्याला कळत नाही. निफाड-दिंडोरी म्हणजे द्राक्ष, पाणी, पैसा, पण फवारणी. लासलगाव, येवला, चांदवडकडं कांदा. मालेगावला यंत्रमाग, खोकला घेऊन येणारे कामगार आणि सगळी दाट वस्ती. सिन्नरला एमआयडीसी, म्हणजे शिफ्टवाली माणसं आणि बाहेरच्या राज्यातले कामगार, हिंदी लागते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडं पाडे, कोकणा, महादेव कोळी, वारली लोक, डॉक्टर कमी, गरज सगळ्यात जास्त आणि पावसाळ्यात रस्ता बंद. कुपोषण आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, हे दोन विषय तिकडं रोजचे आहेत. एखाद्या पोराचे सांधे सारखे दुखतायत, डोळे पिवळे दिसतायत, हातपाय सुजून येतात, तर संधिवात म्हणून मोकळं होऊ नका, सिकलसेलची तपासणी करा.

लोक गाव निवडताना लोकसंख्या बघतात, किती डॉक्टर आहेत ते बघतात. बघा, पण त्याच्या आधी एक काम करा. रात्री ११ वाजता त्या गावातून गाडी काढा आणि व्हेंटिलेटर असलेल्या आयसीयूपर्यंत किती मिनिटं लागतात ते स्वतः मोजा. पिंपळगाव बसवंतसारखं हायवेवरचं गाव असेल तर गोष्ट वेगळी, सुरगाण्यातून घाटातून नाशिकला यायचं तर दोन तासांच्या वर जातात. त्या वेळेत पेशंट तुमच्या हातात असतो, तो आकडाच तुम्हाला सांगेल की काय शिकून जायचंय. प्राथमिक आरोग्य केंद्राचा नियम साध्या भागात ३०,००० लोकांमागं एक आणि आदिवासी भागात २०,००० मागं एक असा आहे, ते केंद्र कुठं आहे, तिथं मेडिकल ऑफिसर रात्री राहतो का, ग्रामीण रुग्णालय कुठलं, हे पण चहाच्या टपरीवर विचारा, कागदापेक्षा टपरीवर खरं कळतं.

आणखी एक, गावात आधीपासून जे डॉक्टर आहेत त्यातले बरेच बीएएमएस, बीएचएमएस असणार. आपल्यात त्यांच्याबद्दल नाक मुरडायची सवय असते, ती गावाच्या वेशीवर सोडून या. त्यांनी त्या गावात वीस-वीस वर्षं रात्रीची दारं उघडलीयेत. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडं जाऊन भेटा, पेढे न्या. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते समोरच्या गल्लीतल्या एका बीएएमएस सरांनी, कुठल्या वस्तीवर कोण दारू पितं, कोण इन्सुलिन बंद करून बाबाकडं जातं, सगळं तोंडपाठ.

काय शिकून जायचं

थोडं डिग्रीचं आधी. फॅमिली मेडिसिनमध्ये तीन वर्षांचं डीएनबी असतं, म्हणजे पीजीचीच डिग्री, आणि एमबीबीएसनंतर दोन वर्षांचा एनबीईएमएस या राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डिप्लोमाही आहे, दोन्हीला नीट पीजीच लागते पण रेडिओलॉजीसारखी मारामारी नसते. जमत असेल तर जरूर करा, मी नाही केलं आणि ज्या गोष्टी तिथं तीन वर्षांत शिकता येतात त्या मी पेशंटवर आठ वर्षांत शिकले, पेशंटच्या दृष्टीनं हे काही चांगलं नाही. सरकारी कॉलेजातून झाला असाल तर एक वर्षाचा बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, असतोच, तर ते वर्ष आदिवासी भागातल्या केंद्रावर मागून घ्या, शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आता हातातलं काम. टाके, गळू फोडणं, कानातलं काढणं, नाकातला शेंगदाणा काढणं, नेब्युलायझर, लहान मुलाची शीर सापडणं, ईसीजी वाचणं, हे सगळं यायला हवं, त्यावर जास्त बोलत नाही. चार गोष्टींवर बोलते ज्या या जिल्ह्यात येणारच.

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारींवर चालणारं एकच अँटिव्हेनम आपल्याकडं मिळतं. घोणस-फुरशासाठी २० मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट, कोरडी स्वच्छ काचेची नळी लागते, प्लास्टिकची चालत नाही, ती नळी ड्रॉवरमध्ये ठेवाच. मण्यारीचं मात्र वेगळं आणि इथं माझी चूक सांगते. प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष, पहाटे साडेपाचला कांद्याच्या कामाला आलेल्या एका मजूर बाईला घेऊन तिचा नवरा आला, पोटात कळ येतेय, उलटीसारखं होतंय. सूज नाही, जखम नाही. मी पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि बसवून न ठेवता घरी पाठवलं. तासाभरानं तो पळत आला, "मॅडम, डोळे उघडत नाही ती." मण्यार चावली होती, आणि बाई शेडमध्ये जमिनीवर झोपली होती हे मी विचारलंच नव्हतं. अॅम्ब्यू, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत दाबत नेली, वाचली, महिन्याभरानं येऊन मला वाटीभर भुईमुगाच्या शेंगा देऊन गेली आणि मला तिच्याकडं बघवेना. तेव्हापासून पावसाळ्यात पहाटे पोट दुखतं म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न, रात्री कुठं झोपला होता? जमिनीवर म्हणाला की पापण्या बघते, घोटभर पाणी गिळायला लावते आणि काही तास समोर बसवून ठेवते.

विंचू. यासाठी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम वाचा. बिरवाडीसारख्या केंद्रात बसून, लाल विंचू चावलेले पेशंट रात्र रात्र बघून, त्यांनी लक्षणं नोंदवली, १९८२ साली लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला आणि पुढं प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी उपचारात आणली. २०२२ ला पद्मश्री मिळाली. गावात बसून डोकं गंजतं असं कुणी म्हणालं की मी हेच नाव सांगते. घाम सुटलेला, हातपाय गार पडलेले, उलट्या होतायत, असा विंचूवाला पेशंट म्हणजे नुसती दुखण्याची भूल देऊन सोडायचा नाही.

फवारणी. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडातून लाळ, घाम, नाडी मंद, कपड्यांना लसणासारखा वास, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा. कपडे काढा, अंग धुवा, ग्लोव्हज घालून, अॅट्रोपिन सुरू करा आणि पाठवा. चुकून फवारणीतून झालं की पिऊन झालं हे घरचे आधी खरं सांगत नाहीत, ओरडू नका, बाजूला घेऊन विचारा.

चौथी गोष्ट पुस्तकात सहसा सापडत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड लावतात, आमच्याकडं त्याला पेस्ट लावणं म्हणतात, मजूर बोळ्यानं हातानं लावतात. त्या दिवसांत संध्याकाळी कुणी येतो, चेहरा लालबुंद, छाती धडधडतेय, डोकं फुटतंय, उलट्या, बीपी खाली, आणि सगळे म्हणतात अॅलर्जी झाली. विचारा, पेस्ट लावली का आणि नंतर घेतली का थोडी. हे औषध अंगात गेलं आणि वर दारू गेली की असं होतं. मी आता छाटणीच्या आधी ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक मजुराला सांगते की पेस्टच्या आदल्या दिवसापासून पुढं चार-पाच दिवस दारूला हात लावायचा नाही. ऐकतात का, निम्मे ऐकतात.

कुत्रं चावल्याचं एवढंच की आधी १५ मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग लस, हळद-मिरची-चुना लावून आले असतील तर तेही धुवा.

कागदपत्रं, पटकन

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, दर ५ वर्षांनी रिन्यू, त्यासाठी कॉन्फरन्स-वर्कशॉपचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात, शेवटच्या महिन्यात धावपळ करू नका. चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर छापलेला हवा. जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यायची, २०१६ चे नियम आहेत, बेड नसेल तर ती एकदाच घ्यावी लागते, आणि कचरा उचलणाऱ्या गाडीशी करार. गाव लांब असेल तर गाडी रोज येते का हे जागा घेण्याआधी विचारा. सुया पांढऱ्या डब्यात, सिरिंज-सलाईनची नळी लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, काचेच्या बाटल्या निळ्या, आणि हे मावशींना पाठ करून घ्या. बेड ठेवून पेशंट अॅडमिट करायचे असतील तर नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन वेगळं लागतं, नवख्यानं पहिली दोन वर्षं त्या भानगडीत पडू नये असं माझं मत. सोनोग्राफी मशिनच्या वाटेला पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखालची, नोंदणी असल्याशिवाय जाऊच नका.

स्वतःच्या पेशंटला स्वतः औषध देता येतं, त्याला मेडिकल स्टोअरचं लायसन्स लागत नाही, पण दुकान मांडायचं नाही आणि काय दिलं ते लिहून ठेवायचं. साध्या पुडीत बिननावाच्या गोळ्या देऊ नका. गावात ही पद्धत अजून आहे आणि त्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, पेशंट गुटगुटीत होतो, सांधे दुखायचे थांबतात, डॉक्टर देव होतो आणि पाच वर्षांनी तोच पेशंट माझ्याकडं शुगर आणि ठिसूळ हाडं घेऊन येतो.

टीबीचा पेशंट खासगीत सापडला तरी निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवणं बंधनकारक आहे. नोंदवल्यावर तुम्हाला ५०० रुपये मिळतात ते सोडा, पेशंटला पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून वाढलेत, ते त्याचे बुडवू नका. इंडेम्निटी इन्शुरन्स काढा, पेशंटनं दावा केला तर उपयोगी पडतो. १९९५ पासून डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात आणि कोर्टात तुमच्या बाजूनं बोलणारी गोष्ट एकच, तुम्ही लिहिलेला केस पेपर. मोबाईलमध्ये लिहा, वहीत लिहा, पण लिहा.

दवाखाना उघडला, आता

जागा तळमजल्यावर, एसटी स्टँडपासून चालत, संडास आणि पाणी असलेली. फर्निचरवर खर्च करू नका, ईसीजी मशिन, ऑक्सिजन सिलिंडर, लहान-मोठा अॅम्ब्यू, सक्शन, ऑटोक्लेव्ह आणि लसींसाठी २ ते ८ डिग्री राखणारा फ्रिज आणि त्याला इन्व्हर्टर, यावर करा. अॅड्रेनलिनचं इंजेक्शन कुठं ठेवलंय हे कंपाउंडरला अंधारातही सापडलं पाहिजे. लाईट जाते इथं.

पहिल्या महिन्यात मला दिवसाला सहा-सात पेशंट होते, त्यातले दोन घरमालकाचे नातेवाईक. तेव्हा मोह होतो. "मॅडम, सुई नाही देत का तुम्ही?" असं म्हणून माणूस उठून जातो आणि समोरच्याकडं सलाईन लावून येतो, १०० रुपयांच्या जागी ४०० देऊन. मी पण घाबरून दोन महिने बी कॉम्प्लेक्सच्या सुया दिल्या, कबूल करते. मग एक दिवस एका आजोबांनी विचारलं, "ही सुई कशाची?" आणि मला उत्तर देता येईना. तेव्हापासून बंद. त्याऐवजी मी एक गोष्ट सुरू केली, प्रत्येक पेशंटला तिसऱ्या दिवशी फोन. ताप गेला का, जेवण जातंय का. कंपाउंडर दादा वैतागले होते पण सहा महिन्यांत गर्दी झाली, आणि माझा डेंगीचा एक पेशंट त्या फोनमुळंच वेळेत नाशिकला गेला, ताप उतरला म्हणून घरचे खूश होते आणि पोट दुखतंय हे त्यानं फोनवर सहज सांगितलं.

बीपी-शुगरचे पेशंट हीच खरी प्रॅक्टिस, बाकी सर्दी-खोकला येऊन जाऊन असतो. "गोळीची सवय लागते" ही भीती प्रत्येक घरात आहे. वाद घालू नका. मी विचारते, विहिरीवरची मोटर रोज चालू करता ना, तिची सवय लागली का? हसतात आणि घेतात. वही ठेवा, कोण महिन्याला आलं नाही ते बघा, बाजाराच्या दिवशी त्याच्या गावचा कुणी भेटला की निरोप द्या. आशाताई आणि एएनएम सिस्टरशी मैत्री करा, त्यांना जे माहीत असतं ते कुठल्याही रिपोर्टात नसतं.

पुढं पाठवणं

सगळ्यात जास्त मी याच्यावर बोलते, कारण गावच्या डॉक्टरचं नाव यावरच टिकतं किंवा जातं. पाठवायचं ठरलं की पाठवा, पण "नाशिकला न्या" एवढं बोलून नाही. आधी फोन करा, बेड आहे का, स्पेशालिस्ट जागेवर आहे का. चिठ्ठीत वेळ लिहा, काय दिलं ते लिहा. १०८ ला फोन केला तर अॅम्ब्युलन्समध्ये डॉक्टर असतो, त्याच्याशी बोला. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी काढून फोटो कार्डिओलॉजिस्टला पाठवा, अॅस्पिरिन चावायला द्या आणि मगच गाडीत बसवा. पैशाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले योजनेत कुठलं हॉस्पिटल आहे ते आधीच माहीत करून ठेवा, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, रेशनकार्ड-आधार सोबत घ्यायला सांगा आणि तिथं गेल्यावर योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, भेटा म्हणावं. हे एक वाक्य सांगितलं नाही म्हणून माणसं जमीन गहाण टाकतात.

आणि कट, म्हणजे पेशंट पाठवण्याचं कमिशन. दवाखाना उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी येतो, छान शर्ट घालून, आणि पेशंटमागं किती टक्के ते सांगून जातो. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत कमिशन घेणं स्पष्ट बंद आहे, ते एक झालं. दुसरं असं की एकदा पाकीट घेतलं की तुमची चिठ्ठी पेशंटसाठी राहत नाही, आणि गावाला हे वर्षभरात कळतंच, वऱ्हाडात, दशक्रियेला, कुठंतरी कुणीतरी बोलतं. मी नाशिकमधले सहा-सात स्पेशालिस्ट ठरवलेत ज्यांची अट माझ्याकडून एकच, पेशंट परत पाठवताना मला सांगायचं काय केलं. जो सांगत नाही त्याला पुढच्या वेळी पेशंट नाही.

पैसे आणि घर

कांदा विकला की पैसे, हा इथला हिशेब आहे. उधारीची वही ठेवावीच लागते, भाव पडले किंवा द्राक्षाचा व्यापारी पैसे बुडवून पळाला की त्या वर्षी वहीतली पानं तशीच राहतात. मी वर्षातून एकदा, अक्षय्य तृतीयेला, ज्यांचं जमणारच नाही त्यांची पानं फाडते. बँकेचं मोठं कर्ज काढून सुरुवात करू नका, हप्ता दर महिन्याला येतो, कांदा नाही. पहिली दोन वर्षं घर चालेल एवढं जवळ ठेवून या.

घरच्यांना आधी गाव दाखवा. माझे मिस्टर नाशिकला नोकरी करतात, रोज येऊन-जाऊन करतात, मुलगी पाचवीपासून नाशिकला आजीकडं शिकतेय, आणि याचं वाईट वाटतं, वाटत नाही असं सांगणार नाही. बायकांनो, तुमच्यासाठी वेगळं, गावात लेडी डॉक्टर म्हटलं की सगळ्या बायका तुमच्याकडं येतील, पण रात्रीच्या व्हिजिटला एकटं जायचं नाही, मी पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलं की रात्री पेशंट दवाखान्यात आणा, मी वर राहते, दार उघडीन. आणि रविवार दुपार बंद. पहिल्या वर्षी लोक चिडले, आता तेच एकमेकांना सांगतात, "आज मॅडमचा रविवार आहे."

बघायला यायचं असेल तर ऑक्टोबर छाटणी संपायच्या आत किंवा एप्रिलात उन्हाळ कांदा निघायच्या वेळी या. नाशिकहून सकाळच्या एसटीनं निघालात तर साडेनऊला पोचाल. एप्रन नका आणू, वही आणा, आणि जेवायला माझ्याकडंच.